न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे : कर्जखताच्या मागे पाहणारा न्यायाधीश

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? विधवाविवाहाचे आणि स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते, प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ, नामदार गोखले यांचे गुरू आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचे इतिहासकार ही त्यांची ओळख शालेय पुस्तकांतून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचे एक अंग बरेचसे मागे राहिले. उमेदीची अनेक वर्षे त्यांनी कर्जाच्या खटल्यांचे कागद तपासण्यात घालविली. अक्षरशत्रू शेतकऱ्याने अंगठा उठविलेल्या कर्जखतामागे खरोखर किती पैसा दिला-घेतला गेला, याचा शोध घेण्याचे काम त्यांच्याकडे होते.

या अंगाची आठवण आज करून देण्यास कारण आहे. वसई-विरार परिसरातील आमच्या धर्मग्रामांत घर, रिक्षा, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य आणि आजारपण अशा नाना कारणांनी कर्ज काढले जाते. घरभेटीला गेलेल्या धर्मगुरूपुढे कर्जाचे कागद ठेवले जातात, तेव्हा बहुधा एकच गोष्ट आढळते : सही झालेली असते, वाचन झालेले नसते. कर्ज घेणाऱ्याला काही हक्क असतात, ही कल्पनाच पुष्कळांना नवी वाटते. हे हक्क आपल्या भूमीत कसे रुजले, हे जाणण्यासाठी रानडे यांच्या चरित्राइतका चांगला मार्ग नाही.

बालपण आणि शिक्षण

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील कोल्हापूर संस्थानच्या सेवेत गेल्यामुळे बालपण कोल्हापुरात गेले. लहानपणी हा मुलगा अबोल, काहीसा मंद वाटे. पुढील शिक्षणासाठी चौदा-पंधरा वर्षांच्या वयात तो मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला आणि तेथे त्याच्या बुद्धीचे खरे तेज दिसले. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. १८५९ मध्ये झालेल्या तिच्या पहिल्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत रानडे होते आणि १८६२ मध्ये पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीतही ते होते. १८६४ मध्ये एम. ए. आणि १८६६ मध्ये एल्एल. बी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. अतिवाचनामुळे विद्यार्थिदशेतच त्यांची दृष्टी अधू झाली व ते दुखणे जन्मभर सोबत राहिले. ज्याचे सारे आयुष्य पुढे कागदपत्रे वाचण्यात जायचे होते, त्याचे डोळेच असे दुर्बळ व्हावेत हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश आणि एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक अशी कामे केल्यानंतर १८७१ मध्ये रानडे दुय्यम न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. त्यांच्या आयुष्याला येथेच वळण लागले.

पुणे सार्वजनिक सभा आणि शेतकऱ्यांची चौकशी

पुण्यात १८७० मध्ये गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. रानडे सरकारी नोकर असल्याने सभेत पुढे दिसत नसत, तथापि सभेची बुद्धी त्यांची होती. दख्खनमधील शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करण्याचे काम सभेने हाती घेतले आणि १८७३ मध्ये तिचा अहवाल सिद्ध झाला. अर्ज-विनंत्या करण्यापूर्वी खेड्यांतून माहिती गोळा करावी, आकडे जुळवावेत आणि मगच बोलावे, ही रानडे यांची शिस्त या कामी दिसून आली.

त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानडे यांनी वडिलांच्या आग्रहास मान देऊन अकरा-बारा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला, आणि त्यावरून त्यांच्यावर झालेली टीका रास्तच होती. पण लग्नानंतर त्यांनी घरातील बायकांचा विरोध पत्करून पत्नीला स्वतः लिहावयास-वाचावयास शिकविले, प्रथम मराठी व नंतर इंग्रजी. याच रमाबाईंनी पुढे पुण्यातील सेवासदन नावारूपास आणले आणि १९१० मध्ये पतीच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याच्या शब्दावर जगतो, हे रानडे घरात आणि न्यायालयात सारखेच पाहत होते.

सुप्याचा उठाव

पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. ही लाट पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरली. या दंग्याचे वैशिष्ट्य असे की माणसांवर हात फारसा उचलला गेला नाही. जमावाची मागणी एकच होती : कर्जखते आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढा. त्या मिळाल्या की त्यांची होळी केली जाई. त्याआधी शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या लोकांनी १८७४ मध्ये सावकारांवर सामाजिक बहिष्कार घातला होता.

कागदावर एवढा राग का? यामागची कारणे समजून घेतली पाहिजेत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली आणि शेतकऱ्यांनी ती घेतली. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यानंतर सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो अनेक तालुक्यांत बराच वाढविला. उत्पन्न खाली आले, देणे वर गेले आणि सावकाराने हात आखडता घेतला.

यात कायद्याची भर पडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावरील दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याजाचा डोंगर वाढू नये हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात उलट घडले. दर तीन वर्षांनी सावकार जुने खत बदलून नवे करून घेई. साचलेले व्याज मुद्दलात मिळविले जाई आणि त्या एकूण रकमेवर नव्याने व्याज सुरू होई. फेडलेल्या पैशांची पावती मिळत नसे. खत कोऱ्या कागदावर घेतले जाई किंवा त्यात घेतलेल्या रकमेहून अधिक रक्कम लिहिली जाई. शेतकऱ्याच्या हाती कोणताही कागद नसे, आणि न्यायालय मात्र कागदावरच चाले. समन्स पोहोचो न पोहोचो, प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी निकाल होत. आपल्या जुन्या परंपरेत दामदुपटीचा नियम होता. त्यानुसार मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी मागता येत नसे. खत बदलण्याच्या युक्तीने या नियमालाही बगल दिली जाई.

१८७९ चा कायदा

दंग्याच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला, आणि पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा अस्तित्वात आला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. हा कायदा रानडे यांनी लिहिला नव्हता. पण त्यांनी व सार्वजनिक सभेने उजेडात आणलेल्या स्थितीचेच ते उत्तर होते, आणि तो अमलात आणण्याच्या कामी रानडे यांचा वाटा फार मोठा आहे.

या कायद्यातील तरतुदी आजच्या वाचकाने नीट पाहाव्यात. पहिली तरतूद अशी की न्यायाधीशाने केवळ खतावरची रक्कम पाहून निकाल द्यावयाचा नाही. व्यवहार सुरू झाला तेव्हापासूनचा इतिहास तपासावयाचा, मुद्दल आणि व्याज वेगळे करावयाचे, चक्रवाढ व्याज धरावयाचे नाही आणि मुद्दलाहून अधिक व्याज मंजूर करावयाचे नाही. दुसरी, प्रतिवादी शेतकऱ्याला शक्यतो समक्ष बोलावून त्याचे म्हणणे ऐकावयाचे. तिसरी, शेतकऱ्याचे कर्जखत ग्रामनोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याच्या देखरेखीखाली लिहिले गेले पाहिजे. तसे नसेल तर ते पुराव्यात चालणार नाही. चौथी, पैसे फेडणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मागण्याचा, हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि पासबुकात नोंद करून घेण्याचा हक्क. पाचवी, पैशाच्या देण्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकावयाचे नाही, जमीन खास गहाण दिलेली नसेल तर ती लिलावात काढावयाची नाही, आणि फेडीसाठी हप्ते बांधून द्यावयाचे. याशिवाय गावातच तडजोड व्हावी म्हणून सलोखा घडविणारे पंच आणि लहान दाव्यांसाठी गावचे मुन्सफ अशीही योजना होती.

पावती, पासबुक, हिशेबाचा उतारा हे शब्द आज आपणास किती साधे वाटतात! पण कर्जदाराने ते हक्काने मागावेत आणि न देणाऱ्याला दंड व्हावा, ही गोष्ट त्या काळी मोठ्या क्रांतीसारखी होती.

विशेष न्यायाधीश रानडे

कायदा झाला त्या वर्षी रानडे स्वतः संकटात होते. सभेतील त्यांच्या प्रभावामुळे सरकारची मर्जी फिरली होती. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम आणि पुण्यातील बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना लागलेल्या आगी यांमुळे संशय अधिकच बळावला. रानडे यांना धुळ्यास धाडण्यात आले आणि तेथे त्यांची टपालाने येणारी पत्रे फोडून पाहिली जात. त्यांनी तक्रार केली नाही, कामही सोडले नाही. कालांतराने संशय फिटला. १८८१ मध्ये मुंबईत काही काळ मॅजिस्ट्रेट म्हणून काम केल्यावर नव्या कायद्याखालील विशेष न्यायाधीश डॉ. पोलेन यांचे सहायक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे १८८० च्या दशकाच्या अखेरीस ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ पर्यंत त्या पदावर राहिले.

या कायद्याखालील लहान दाव्यांत वरच्या न्यायालयात अपील करण्याची सोय नव्हती. त्याऐवजी विशेष न्यायाधीशाने चारही जिल्ह्यांत फिरून दुय्यम न्यायाधीशांचे दप्तर तपासावे आणि चूक आढळल्यास निकाल दुरुस्त करावा अशी व्यवस्था होती. म्हणून रानडे यांची वर्षे फिरतीत गेली. तालुक्याच्या गावी मुक्काम करावयाचा, दिवसभर कागद वाचावयाचे, सायंकाळी गावातील लोकांशी पाण्याविषयी, पिकांविषयी, शाळेविषयी बोलावयाचे, असा हा क्रम होता. रमाबाई अनेकदा सोबत असत आणि मुक्कामाच्या गावी बायकांच्या सभा व मुलींच्या शाळा यांत लक्ष घालीत.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. रानडे यांनी सावकाराला शत्रू मानले नाही. त्यांच्या मते शेतीला भांडवल लागते आणि ते कोणी तरी पुरविलेच पाहिजे. दोष असेल तर तो एका बाजूस सर्व माहिती आणि दुसऱ्या बाजूस नुसती गरज असण्यात आहे. हिशेब दोघांनाही दिसला की व्यवहार बराचसा शुद्ध होतो, या भूमिकेवरून ते काम करीत.

कायद्याच्या मर्यादा

हा कायदा सर्वगुणसंपन्न होता असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पळवाटा लवकरच निघाल्या. गहाणखताऐवजी सावकार सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचे वचन तोंडी राही, आणि तोंडी वचनाला न्यायालयात किंमत नसे. अशा खरेदीखतामागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना पुढे कायद्यात दुरुस्ती करून द्यावी लागली. काही ठिकाणी शेतकऱ्याला कर्ज मिळणेच अवघड झाले. सलोख्याच्या पंचांविषयी तक्रारी होत्या.

रानडे यांच्या विचारांवरही आक्षेप घेतला गेला आहे. लहान शेतकऱ्यांबरोबरच भांडवल असलेल्या मोठ्या जमीनदारांचा वर्ग असावा, असे त्यांचे मत होते. जमीन ज्याच्या हातून गेली त्याचे पुढे काय, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात हाच प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने कितीतरी तीव्रतेने मांडला होता. सार्वजनिक सभेच्या उच्चवर्णीय पुढाऱ्यांविषयीही फुले यांना विश्वास नव्हता. हे दोन आवाज एकत्र ऐकले तरच त्या काळाचे चित्र पूर्ण होते.

स्वतः रानडे यांनाही ठाऊक होते की केवळ बंदी घालून भागणार नाही. स्वस्त आणि प्रामाणिक कर्ज उपलब्ध करून देणे हाच खरा उपाय. सर विल्यम वेडरबर्न यांच्यासह त्यांनी पुरंदर तालुक्यात प्रयोगादाखल शेतकी बँक काढण्याच्या योजनेचा पाठपुरावा केला. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थान सरकार तिला अनुकूल झाले, पण लंडनमधील भारतमंत्र्यांनी ती नाकारली. रानडे थांबले नाहीत. १८९१ मध्ये जमिनीच्या तारणावरील कर्जव्यवस्थेच्या पुनर्रचनेविषयी त्यांनी निबंध लिहिला आणि युरोपातील निरनिराळ्या देशांनी हा प्रश्न कसा सोडविला हे तपशिलाने मांडले.

योगायोग असा की त्याच १८९१ सालच्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांचे रेरुम नोव्हारुम हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. श्रमिकांच्या दैन्याची कारणे सांगताना त्यात अधाशी व्याजखोरीचाही उल्लेख आहे. ख्रिस्तसभेला हा विषय नवा नव्हता. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये असा निर्बंध मोशेच्या नियमशास्त्रातच आहे. पंधराव्या शतकात इटलीतील फ्रान्सिस्कन संन्याशांनी गरिबांना अल्प दराने तारणावर पैसे देणाऱ्या पेढ्या उभारल्या, आणि १५१५ मध्ये पोप दहावे लिओ यांनी त्यांना मान्यता दिली. पुण्याचा न्यायाधीश आणि रोमचे पोप एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांपुढे दुखणे एकच होते.

वसईपर्यंतचा प्रवास

१८९३ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९०० मध्ये त्यांचा मराठ्यांच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावे वर्ष पुरे होण्यास दोन दिवस उरले असता, मुंबईत त्यांचे निधन झाले. शेतकी बँकेचे त्यांचे स्वप्न त्यांच्या डोळ्यांदेखत साकार झाले नाही. मात्र तीनच वर्षांनी, १९०४ मध्ये, सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या विधेयकावर वरिष्ठ कायदेमंडळात बोलणाऱ्यांत रानडे यांचे शिष्य गोखले होते. जर्मनीत फ्रीडरिश राइफायझेन यांनी एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या ग्रामीण पतसंस्थांचा आदर्श या कायद्यापुढे होता : एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांनी आपली बचत एकत्र करावी आणि आपल्यातीलच गरजूला रास्त दराने द्यावी.

हा विचार वसईत येण्यास फार काळ लागला नाही. १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी येथील कॅथॉलिक समाजासाठी जी पतसंस्था स्थापन केली, तीच आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखली जाते. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि १८७९ च्या कायद्याच्या मूळ चार जिल्ह्यांत ठाण्याचा समावेश नव्हता. एका धर्मगुरूने कायद्याची वाट न पाहता शेजाऱ्याच्या बचतीतून शेजाऱ्याची गरज भागविण्याचा मार्ग धरला.

परंतु आपल्याच जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत चित्र वेगळे होते. वारली व इतर आदिवासी बांधवांत लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा रकमेपोटी नवराबायको सावकार-जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबत. अशांना लग्नगडी म्हणत. त्यांच्या कर्जाचा हिशेब कधी पुरा होत नसे, कारण तो लिहिणारा एकच असे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला तो या गुलामगिरीविरुद्ध. वेठबिगारीवर देशभर कायद्याने बंदी येण्यास १९७६ साल उजाडावे लागले. कर्जदाराचे हक्क ही केवळ बँकेच्या काऊंटरवरची बाब नाही, ती माणसाच्या प्रतिष्ठेची बाब आहे, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

आज आपल्या हाती काय आहे?

रानडे यांच्या काळातील प्रत्येक दुखण्यावर आज नियम आहे. ते वाचकांनी जाणून घ्यावेत अशी आमची इच्छा आहे.

सुप्याच्या शेतकऱ्याला खतात काय लिहिले आहे हे कळत नसे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकांनी, सहकारी बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी नव्या वैयक्तिक व किरकोळ मुदत कर्जाच्या अर्जदाराला मुख्य बाबींचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात व्याज आणि सर्व शुल्के मिळून कर्ज वर्षाला एकूण किती टक्क्यांनी पडते, हे एका आकड्यात दिलेले असते. हे पत्र अर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्याला ते समजावून सांगितले पाहिजे. या पत्रात न दाखविलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. म्हणून दोन ठिकाणची कर्जे तोलताना केवळ व्याजदर किंवा मासिक हप्ता पाहू नये, हा एकूण आकडा पाहावा.

तेव्हा व्याज मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावीत. आज हप्ता चुकल्यास बँक दंड आकारू शकते, पण तो दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर व्याज चढविता येत नाही. तेव्हा फेडीनंतरही खत सावकाराकडे राही. आज कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत घराची वा जमिनीची मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्जकराराची प्रत सर्व जोडपत्रांसह मागून घेणे आणि अर्ज नाकारल्यास त्याचे कारण लेखी मागणे, हेही आपले हक्क आहेत.

आजच्या काळाचे हिशेबाचे पुस्तक म्हणजे कर्ज-इतिहासाचा अहवाल. देशातील चार पतमाहिती कंपन्यांपैकी प्रत्येकीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. कर्जासाठी अर्ज करण्यापूर्वी तो पाहावा. फेडलेले कर्ज थकीत दाखविले असेल तर लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीस दिवसांत लागला नाही तर भरपाईची तरतूद आहे.

मोबाईलवरील ॲपद्वारे झटपट कर्ज घेण्याचे प्रमाण तरुणांत वाढले आहे. असे ॲप कोणत्या बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीच्या वतीने चालते, हे आधी तपासावे. कर्ज पटले नाही तर ठरलेल्या मुदतीत मुद्दल व तेवढ्या दिवसांचे व्याज भरून त्यातून बाहेर पडण्याची सोय नियमात आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि सायंकाळी सातनंतर फोन करणे किंवा नातेवाइकांसमोर बदनामी करणे नियमबाह्य आहे.

तक्रार कोठे करावी? प्रथम त्या बँकेकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. पतसंस्था मात्र सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून त्यांच्याविषयीची तक्रार निबंधकांच्या कार्यालयात करावी. खासगी सावकाराला परवाना आवश्यक आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार, बेकायदा सावकारीत पंधरा वर्षांच्या आत बळकावलेली जमीन चौकशीअंती परत मिळू शकते. रानडे यांच्या काळातील त्या फसव्या खरेदीखतांवर कायद्याने शोधलेले हे उत्तरच होय.

जामीनदारांसाठी एक शब्द स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. आमच्या समाजात नात्याच्या किंवा शेजाराच्या भिडेपोटी जामीन राहण्याची पद्धत आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास वसुली आधी कर्जदाराकडून व्हावी असा आग्रह त्याला धरता येत नाही. सहकारी संस्थांकडील वसुलीत कलम १०१ चा दाखला निघाला की जामीनदाराचा पगारही सुटत नाही. सही करण्यापूर्वी एवढाच विचार करावा : हे कर्ज उद्या मलाच फेडावे लागले तर माझ्या घराला ते झेपेल काय?

हक्कांबरोबर कर्तव्येही येतात. उत्पन्न खरे सांगणे, ज्या कामासाठी कर्ज घेतले त्याच कामी ते लावणे आणि हप्ता वेळेवर भरणे हे कर्जदाराचे कर्तव्य आहे. सहकारी बँकेत ठेवलेला पैसा शेवटी आपल्यापैकीच कोणा विधवेचा, कोणा निवृत्त शिक्षकाचा असतो. रानडे यांनी दोन्ही बाजूंचा हिशेब तपासला, म्हणूनच दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी आदर वाटला.

१८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या शेजारी एक नोंदणी अधिकारी आणि त्याच्यामागे एक विशेष न्यायाधीश उभा केला. आज नियम भरपूर आहेत, पण सही करताना शेजारी कोणी नसते. ती जागा आपल्या धर्मग्रामांतील शिकलेल्या तरुण-तरुणींनी, निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी भरून काढावी, असे आम्ही सुचवितो. महिन्यातील एका रविवारी मिस्सानंतर तासभर बसून लोकांचे कर्जाचे कागद वाचून समजावून दिले, तरी कितीतरी घरे सावध होतील. तसेच आपल्या शेजारच्या आदिवासी पाड्यांपर्यंत ही माहिती नेणे हे आपले कर्तव्य आहे, कारण तिची गरज तेथे सर्वाधिक आहे. ज्या न्यायाधीशाने अधू डोळ्यांनी हजारो अडाण्यांची खते वाचली, त्याचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग आम्हास तरी दिसत नाही.